पाचवं पिल्लू

"बीळ कुठे आहे तेवढं सांगा, आबा. बाकीचं मी बघतो."

म्हाळाप्पांनी कातायची चाती फिरवली. बोटांमधली लोकर पिळत पिळत खाली उतरली, तिचा दोरा झाला.



चंद्रहास बोडसने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. गेल्या वीस वर्षांत त्याने कुणालाच एक गोष्ट तीनदा विचारली नव्हती. आता लोकच त्याला विचारत. जंगलात इतका संयम कुठून आणता? वाघ समोर आला की काय वाटतं? चंद्रहास उत्तरं देई. उत्तरं पाठ झाली होती.

प्राण्यांवरचे सत्तावीस माहितीपट त्याच्या नावावर होते. खाडीतल्या मगरी, बर्फातले बिबटे, समुद्रावरची कासवं. एका खोलीच्या भिंती मानचिन्हांनी भरल्या, तेव्हा बायकोने दुसरी खोली द्यायला साफ नकार दिला होता.

आणि या सगळ्याची सुरुवात इथे झाली होती. सोलापूरकडच्या या उघड्याबोडक्या माळावर, या म्हाताऱ्या धनगरापाशी.

एकतीस वर्षांपूर्वी चंद्रहास मागून आणलेला कॅमेरा आणि जीप घेऊन इथे आला होता. लांडग्यांवर फिल्म करायची, एवढंच डोक्यात. लांडगा कुठल्या अंगाला बसतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. म्हाळाप्पांनी शिकवलं. वारा तोंडावर घ्यायचा, पाठीवर नाही. खोकला आला तर गिळायचा. पायाखालची माती वाचायची आणि मगच पाय उचलायचा.

पुढे प्रत्येक भाषणात चंद्रहास 'माझे गुरू' म्हणून म्हाळाप्पांचं नाव घेई. गुरूंच्या कानावर हे कधी गेलं नव्हतं.

"तुजी मानसं कुटं हायत?" म्हाळाप्पांनी विचारलं.

"तालुक्याला, विश्रामगृहावर. तिघं आहेत. सामान तयार आहे. तुम्ही बोट दाखवलंत की तासाभरात पोचतील."

"गाडी हाय?"

"दोन आहेत."

"दोन..." म्हाळाप्पा म्हणाले, आणि पुन्हा चाती फिरवली.

वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, तीन लंगड्या मेंढ्या आणि एक आजारी कोकरू एवढंच होतं. बाकीचा कळप सुनेबरोबर चरायला गेला होता. माघातलं ऊन होतं. माळावर वाऱ्याशिवाय कुणाला काही काम नव्हतं.

"आबा, ही माझी शेवटची फिल्म," चंद्रहास म्हणाला. "गुडघे गेले. आता होत नाही. पहिल्या फिल्ममध्ये लांडगीण पिल्लू तोंडात धरून जाते ना, तेच दृश्य मला पुन्हा हवंय. याच माळावर. जिथे सुरुवात झाली तिथेच शेवट. वर्तुळ पूर्ण होतं."

"मेंढरू बी गोल फिरतंय," म्हाळाप्पा म्हणाले. "डोस्क्यात किडा झाला की."

चंद्रहास हसला. मग त्याच्या लक्षात आलं, म्हातारा हसत नव्हता.

"तुम्हाला आवडलं होतं ना ते दृश्य?"

"कुटलं?"

"लांडगिणीचं. पिल्लू नेते ते."

"मी कुटं बगितलंय?"

 एकतीस वर्षं. कुठल्या कुठल्या देशांत ती फिल्म दाखवून झाली. या माळावर कुणी आणली नव्हती. आणायची म्हटलं असतं तर सोलापूर काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं.

त्याने पिशवीतून टॅबलेट काढला. फिल्म त्यात होतीच. ती नेहमीच असे. कुणी ना कुणी दाखवा म्हणतच असे.

उन्हात पडद्यावर काही दिसेना. दिसले ते दोन चेहरे, एक टोपीतला आणि एक पटक्यातला.

म्हाळाप्पांनी चाती खाली ठेवली. खांद्यावरची घोंगडी उलगडली आणि दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली.

आत अंधार झाला. मेंढरांचा वास, धुराचा वास. पडद्यावर माळ उगवला.

गवत सोनेरी होतं. ओढ्याच्या काठावरून लांडगीण वर आली. तोंडात पिल्लू. पिल्लाचे पाय लोंबत होते. मागून बासरी वाजत होती, आणि तिशीतल्या चंद्रहासचा आवाज सांगत होता, "आई आपल्या बाळाला घेऊन नव्या घरी निघाली आहे. उद्याची सकाळ त्याच्यासाठी नवी असेल."

या दृश्याला लोक सभागृहात उठून उभे राहिले होते. एका बाईने चंद्रहासचा हात हातात धरला होता, आणि बराच वेळ सोडला नव्हता.

"बासरी कोन वाजिवतंय?" म्हाळाप्पांनी विचारलं.

"ती नंतर घातली, आबा."

"बरं. मला वाटलं, माळावर कोन आलं."

दृश्य संपलं.

"पुना दाव."

चंद्रहासने पुन्हा दाखवलं.

"पुना."

तिसऱ्यांदा म्हाळाप्पांनी पडद्यावर बोट टेकलं. बोट टेकताच चित्र थांबलं, याचं त्यांना काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. लांडगीण अर्ध्या वाटेत उभी होती. मान वळवून सरळ बाहेर बघत होती.

"ही कुटं बगती?"

"आपल्याकडे. कॅमेऱ्याकडे. या नजरेवर फार लिहिलं गेलं, आबा."

"काय लिवलं?"

"की तिचा माणसावर विश्वास बसला होता."

 बाहेर आजारी कोकरू एकदा ओरडलं.

"चंदर," म्हाळाप्पा म्हणाले. 'चंद्रहास' त्यांच्या जिभेवर पहिल्यापासूनच बसला नव्हता. "त्या दिशी मी बाजाराला गेलतो."

"हो."

"जाताना तुला काय सांगितलं हुतं?"

चंद्रहासला आठवायला वेळ लागला नाही. आठवलेलं सांगायला लागला.

"टेकाडावरनं हलू नको, म्हणालात."

"मग?"

"टेकाडावरून पिल्लं वाटाण्याएवढी दिसत होती, आबा. चार दिवस झाले होते. रीळ संपत आलं होतं... मी जीप ओढ्यात उतरवली. थोडी जवळ घेतली, एवढंच."

"किती?"

चंद्रहासने घोंगडीची कड उचलली आणि वाघरीकडे बोट केलं. वीस पावलं असतील.

म्हाळाप्पांनी घोंगडी काढली. ऊन एकदम डोळ्यांवर आलं. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं, ते उन्हाने.



"मला माहीत आहे," चंद्रहास म्हणाला. "तुम्ही काय म्हणणार ते. ती घर बदलत नव्हती. मी जवळ आलो म्हणून निघाली होती. दहा वर्षांनी एका पुस्तकात वाचलं. बिळाशी माणूस आला की लांडगीण पिल्लं हलवते... वाचलं, आणि पान उलटलं."

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, संकलकाला नाही. सांगितल्यावर हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा त्याला स्वतःचाच राग आला. रागावलेला माणूस करतो तेच मग त्याने केलं. बाजू मांडायला घेतली.

"पण तिने हलवली ना सगळी! मी मोजली आहेत. चार फेऱ्या केल्या तिने. चार पिल्लं होती, चारही नेली. अंधार पडला तसा मी निघालो. कुणाचं काही बिघडलं नाही, आबा. आणि ती फिल्म बघून किती लोकांनी लांडग्यांना मारायचं सोडलं, ते तुम्हाला माहीत नाही."

म्हाळाप्पांनी हात वर केला.

नुसता पंजा. पाची बोटं उघडी.

चंद्रहास त्या बोटांकडे बघत राहिला. आधी त्याला वाटलं, थांब म्हणतायत.

मग त्याने मोजली.

"...पाच?"

म्हाळाप्पांनी हात खाली घेतला.

"बाजारातनं आलो तर तू न्हाईस. जीपची चाकं ओढ्यात उतरल्याली. म्हनलं, पोरगं न सांगताच गेलं. सकाळच्याला बिळाशी गेलो. एक मागं ऱ्हायलं हुतं. दगडाच्या सांदीत. कन्हत हुतं."

"ती परत आली नाही?"

"चार झाली तवर तुजी गाडी हुतीच की तितं. पाचव्या बारीला न्हाई आली ती."

वारा वळला. मेंढ्यांनी माना वळवल्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? घोंगडीत घेतलं. ती ज्या अंगाला गेलती त्या अंगाला नेलं. दोन कोस आसंल. माग दिसत हुता मातीत."

लांडग्यांनी त्या वर्षी म्हाळाप्पांची सात कोकरं नेली होती. हे चंद्रहासला ठाऊक होतं. ते त्याच्या फिल्ममध्येही होतं.

"तीच का ही घोंगडी?" त्याने विचारलं. त्याचा हात आपोआप तिच्या काठावर गेला होता.

"ती कवाच फाटली. ही दुसरी." म्हाळाप्पा म्हणाले. "त्या घोंगडीला वास लागला लांडग्याचा. आठ दिस माजीच कुत्री माज्यावर भुकत हुती. मेंढरं जवळ येईनात. धुतली, तरी जाईना."

"आणि पिल्लू?"

"निवडुंगाच्या बुडाला ठेवलं, आन आलो."

"तिने नेलं?"

"काय म्हाईत."

"म्हणजे? तुम्ही थांबून बघितलं नाहीत?"

"न्हाई."

"लांबूनसुद्धा नाही? टेकाडावरून?"

"मागं वळून बगितलं न्हाई."

"आबा... दोन कोस उरावर घेऊन गेलात. ते जगलं की मेलं, एवढं तरी..."

"मी बगत बसलो आसतो, तर ती आली नसती."

चंद्रहासने टॅबलेट बंद करून पिशवीत ठेवला.  

म्हाळाप्पांनी चाती उचलली, तिच्यावर दोरा गुंडाळला आणि ती पटक्यात खोवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठले. ऐंशीच्या पुढचं वय, पण उठताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. चंद्रहासने केलं.

"चल."

"कुठे?"

"बीळ बगायचं हाय न्हवं तुला?"

चंद्रहासने पिशवीला हात घातला. छोटा कॅमेरा तो कायम जवळ बाळगी.

"त्ये ऱ्हाऊ दे हितं," म्हाळाप्पा म्हणाले. "मेंढरं काय खायची न्हाईत त्येला."

पिशवी वाघरीच्या खुंटाला टांगून चंद्रहास निघाला. चालताना उजवा हात मोकळा मोकळा वाटत होता. चाळीस पावलांत त्याने दोनदा मागे पाहिलं. म्हाळाप्पांनी एकदाही नाही.

तासभर ते वाऱ्याकडे तोंड करून चालले. मग एका टेकाडाच्या अलीकडे म्हाळाप्पा खाली बसले आणि बसूनच सरकत वर गेले. माथ्यावर बोरीची दोन झुडपं होती. त्यांच्या मागे दोघे टेकले.

खाली ओढा. ओढ्यापलीकडे काठ. काठात एक काळी भेग.

खूप लांब. चंद्रहासने सवयीने अंदाज घेतला. इथून काही मिळणार नाही. उन्हं उतरतील तेव्हा सावली भेगेवर पडेल. खाली, ओढ्याच्या वळणावर एक खडक होता. त्या खडकाआड कॅमेरा लावला तर चित्र असं येईल की...

म्हाळाप्पांनी अर्धी घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली.

"मेंढरावानी बस."

"म्हणजे कसा?"

"काय बी नको आसल्यागत."

चंद्रहास बसला. पहिला अर्धा तास तो फक्त बसल्यासारखा दिसत होता. दोनदा तो पुढे सरकला. दोन्ही वेळा म्हाळाप्पांनी त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा तो स्वतःच थांबला.

ऊन कललं.

लांडगीण कधी आली ते त्याला दिसलं नाही. नव्हती, आणि मग होती. भेगेच्या तोंडाशी उभी. पाठीमागून एक पिल्लू धडपडत बाहेर आलं. मग आणखी एक. चंद्रहास मोजायला लागला, आणि तीनवर आल्यावर त्याने मोजणं सोडून दिलं.

लांडगिणीने मान वर केली. सरळ टेकाडाकडे पाहिलं.

हीच ती नजर. तेच उतरतं ऊन, तोच माळ.  घोंगडीखाली त्याचं बोट आपसूक दाबलं गेलं. दाबायला तिथे काही नव्हतं.

आता ती पिल्लू उचलणार. एकतीस वर्षं तो हेच तर शोधत होता. आणि त्याला कळलं की आपल्या मनात आज पहिल्यांदाच उलटं चाललंय. उचलू नको, असं तो तिला मनातल्या मनात विनवत होता. इतकं कळकळीने त्याने कुठल्याच देवाला कधी विनवलं नव्हतं.

लांडगिणीने बराच वेळ पाहिलं.

मग जांभई दिली. दोन वेळा गोल फिरली आणि खाली बसली. एक पिल्लू तिच्या पाठीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. तिने डोळे मिटले.

एवढंच.

तासभर एवढंच. शेपटी हलली, माशी बसली, माशी उठली. अशा तासाला संकलनाच्या टेबलावर पहिली कात्री लागते. सत्तावीस फिल्म्समध्ये असा एकही तास नव्हता. चंद्रहास तो तास पुरा बसला. गुडघा ठणकत होता, ते त्याला उठतानाच कळलं.

परतेपर्यंत दिवेलागण झाली. वाघर दिसायला लागली तेव्हा चंद्रहास थांबला.

"आबा, आता मला जागा कळली."

"व्हय."

"उद्या मी गाड्या घेऊन आलो तर?"

"ये की."

"अडवणार नाही?"

म्हाळाप्पा चालतच राहिले.

"मी मागं वळून बगत न्हाई," ते म्हणाले.

कळप आला होता. सून कोकरं आयांना लावत होती, आणि तिचं या दोघांकडे लक्ष नव्हतं. म्हाळाप्पा वाघरीचा एक सैल झालेला खुंट दगडाने ठोकायला बसले.

खुंटाला टांगलेल्या पिशवीत फोन थरथरला. चंद्रहासने बाहेर काढला. कॅमेरामन होता.

"सर, दुपारपासून लावतोय! मिळालं का बीळ?"

चंद्रहास म्हाळाप्पांकडे पाहत होता. म्हाळाप्पा दगडाकडे.

"सर? पहाटे चारला निघू ना? दोन्ही गाड्या तयार ठेवतो. ओढ्यातनं जवळ जाता येईल का तेवढं सांगा, म्हणजे लेन्स..."

खुंटावर दगड पडला. पुन्हा पडला.

"सामान भरा," चंद्रहास म्हणाला. "सकाळी पुण्याला निघायचं."

"का सर? लांडगे नाहीत?"

चंद्रहासने पिशवी खुंटावरून उतरवली.

"सर, झालं काय तिकडे?"

"काही नाही," चंद्रहास म्हणाला.  "इथे काहीच झालं नाही."

त्याने फोन बंद केला. हातातली पिशवी जड वाटली. त्याने ती खाली ठेवली आणि शेजारी मातीतच बसला. साठीतला माणूस. डोळे पुसायला त्याने टोपी काढली.

म्हाळाप्पांनी खुंट हलवून पाहिला. घट्ट बसला होता. त्यांनी दगड बाजूला ठेवला, पटक्यातून चाती काढली आणि कातायला लोकरीचा एक पेळू बोटांत धरला.

"एकतीस वर्सं लागली तुला," ते म्हणाले. "...पर जमलं."